सातव्या किलोमीटरला माझं नाव

यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. एकच गोष्ट गाळली आहे... माझं खरं नाव. ते इथे ______ असं दिसेल. का, ते कळेलच.

रात्र नव्हती. जानेवारीतली सकाळ होती, साडेसहाची. थायलंडमधलं नाखोन फनोम. मेकाँगच्या काठाचा सायकलमार्ग.

किलोमीटर ०

हे आकडे वाटेवर पांढऱ्या रंगाने काढलेत. शून्यावरून मी आणि माझी थोरली बहीण निघालो. पी कोब. पी म्हणजे ताई, कोब म्हणजे बेडूक. मी पू, म्हणजे खेकडा. आमच्याकडे हाक मारायला अशीच नावं असतात. खरं नाव कागदावर राहतं. काठावर तर ते कुणी उच्चारतच नाही.

नदी ऐकते.

धुक्यात पलीकडचे लाओसचे डोंगर पुसून गेले होते.

"पी कोब, तू आणि व्यायाम? आज काय विशेष?"

"दोन बाळंतपणं काढ, मग बोल. हो पुढे. आणि खेकड्यासारखी तिरकी जाऊ नकोस, सरळ चालव!"

हसलो दोघी.

तिचे डोळे सुजलेले होते. महिनाभर ती झोपली नव्हती. का, ते सांगत नव्हती.

किलोमीटर ७

इथे वळण आहे. पावसाळ्यात एक बाई इथूनच सायकलसकट पाण्यात गेली. सायकल लगेच मिळाली. बाई तीन दिवसांनी.

आमच्यात म्हणतात, बुडालेल्याला सुटायचं तर बदली माणूस लागतो. त्याला खऱ्या नावाने हाक मारायची. त्याने ओ दिली, की झालं.

मागे पी कोबच्या सायकलची साखळी करकरत होती.

मग करकर थांबली.

पक्षीही थांबले...

"______!"

पूर्ण नाव. पी कोबच्या आवाजात.

शाळेतल्या हजेरीनंतर ते कुणी असं मोठ्याने घेतलंच नव्हतं. तोंडातून निघून गेलं...

"ओ?"

वळून पाहिलं. वाट रिकामी.

हाक मागून आलीच नव्हती... उजवीकडून आली होती.

उजवीकडे फक्त पाणी.

कठड्याशी लाल सरबताची बाटली ठेवलेली होती, नळी घालून. मेलेल्यांसाठी ठेवतात तशी. तिच्याखाली कागद.

कागदावर ______.

शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. लहानपणी पी कोब माझ्या वह्यांवर नाव घालून द्यायची, तेच अक्षर.

परत ०

पी कोब सोयाबीनच्या दुधाच्या गाडीपाशी बसली होती.

"मी तिसऱ्या किलोमीटरलाच वळले," ती म्हणाली. "दम लागला."

मग सातव्यापर्यंत माझ्यामागे कोण होतं?

मी कागद तिच्यापुढे ठेवला.

ती खोटं बोलली नाही.

"काल संध्याकाळी ठेवला. महिनाभर ती बुडालेली बाई माझं नाव घेतेय, पू. रोज. न्हाणीघरातसुद्धा. किती दिवस ओ देणार नाही मी?"

"म्हणून माझं नाव दिलंस?"

"माझी दोन पोरं आहेत गं. तुला कोण आहे?"

दुधावर साय धरली. मग तिने हळूच विचारलं...

"तू ओ दिलीस का?"

मी मान डोलावली.

तिचे खांदे खाली आले. एकदम मोकळे. त्या हाकेपेक्षा मला ते खांदे जास्त आठवतात.

आकडा नाही

ज्या नावाला ओ दिली, ते माझं राहायलाच नको, म्हणून पुढच्याच आठवड्यात मी कचेरीत जाऊन नाव बदललं. आमच्याकडे ते सोपं आहे. नवं नाव देवळातल्या भिक्षूंनी काढून दिलं.

घरात एकाच माणसाला सांगितलं. आईला.

तीन आठवडे काही नाही.

आज दुपारी मी तांदूळ धूत होते. नळ बंद केला... पाण्याचा आवाज थांबला नाही.

"______."

नवं.

मी ओठ दाबून धरले. आईकडे पाहिलं. ती पी कोबच्या धाकट्याला चिकट भाताचे गोळे भरवत होती.

"आई, तू कुणाला सांगितलंस?"

तिने मान वर केली नाही. अजून एक गोळा वळला.

"आटप लवकर, पू," ती म्हणाली. "संध्याकाळी सगळ्या मिळून काठाने फिरून येऊ."

आता पाच वाजलेत. वरच्या खोलीचं दार मी आतून लावलंय.

खाली सायकलची साखळी करकरतेय...