आज एक, पुढे शून्य

शाल्मली गल्लीत शिरली तेव्हा खांबावरचा दिवा तिच्या डोळ्यांकडे बघत होता. शहरातल्या प्रत्येक खांबावर आता असा नजरमापक होता. बुबुळांच्या हालचालीवरून त्याला कळे, माणूस नुसता बघतोय की ओळीवरून ओळ वाचतोय. या नोंदींवरून ‘वाचनवेध’ नावाची प्रणाली भाकीत काढी, की तीस वर्षांनी कुठे किती वाचक असतील. त्या आकड्यांवरूनच जागा ठरून नवं मध्यवर्ती ग्रंथालय एक तर इथल्या बंद गिरणीच्या जागेवर होणार होतं, नाहीतर शहराच्या दुसऱ्या टोकाला, नव्या वसाहतीत.

या गल्लीपुढे प्रणालीने लिहिलं होतं: आज एक वाचक, पुढे शून्य. नियोजन विभागातल्या शाल्मलीला ते पटेना, म्हणून ती स्वतः आली.

अंगणात सात-आठ बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. अनसूया येमूल तेवढी पुस्तक धरून मोठ्याने वाचत होती. तिच्या वाटणीच्या विड्या बाकीच्या वळून देत. तिची चार वर्षांची मुलगी श्रावणी पाठीला रेलून ऐकत होती.

“थांबलीस का गं? ती बाई घर सोडते का नाही, ते सांग आधी,” नागमणीअक्का म्हणाली. “मॅडम बसतील की.”

पान संपल्यावर शाल्मलीने सगळं समजावून सांगितलं.

“म्हणजे आम्ही एवढी वर्षं ऐकतोय, ते?”

“यंत्राला कान नाहीत, अक्का. नुसते डोळे.”

“आमच्या सासूच्या उलट. तिला दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं.”

बाया हसल्या. अनसूया हसली नाही. “गिरणीत झालं तर ही चालत जाईल,” ती श्रावणीचे केस सारखे करत म्हणाली. “तिकडं झालं तर कोण नेणार?”

मार्ग शाल्मलीनेच सुचवला: थोडे दिवस प्रत्येकीने आपापलं पुस्तक धरायचं. शाळेत शिकलेलं अजून येत होतं सगळ्यांना. दुसऱ्या दिवसापासून अंगण गप्प झालं. बाया ओळींवर बोट ठेवून वाचत राहिल्या, सुपं रिकामी राहिली. चौथ्या दिवशी नागमणीअक्काने पुस्तक मिटलं.

“हात अडकले की चूल अडकते, मॅडम.”

प्रणालीने ते दिवस ‘क्षणिक उसळी’ म्हणून वगळले.

“ऐकणारे मोजायची सोय नाही यात,” कार्यालयात तिचे वरिष्ठ देवधर साहेब म्हणाले. “पुढच्या वेळी बघू.”

“पुढचं ग्रंथालय कधी होणार, सर?”

“आपण तरी नसू तेव्हा.” नव्या वसाहतीच्या जागेचा प्रस्ताव उघडून त्यांनी पडदा तिच्यापुढे सरकवला. शाल्मलीने ‘मंजूर’वर बोट ठेवलं.

सांगायला ती स्वतःच गेली. अनसूया वाचायची थांबली. “बस जाते का तिकडं?”

“दोन बदलाव्या लागतील.”

“बंद कधी होतं?”

“सहाला.”

“सहाला आम्ही कारखान्यात विड्या जमा करायला उभ्या असतो,” अनसूया सहज म्हणाली आणि पुढची ओळ वाचू लागली.

श्रावणी आईच्या खांद्यावरून पुस्तकात डोकावत होती. एक अक्षर तिने बोटाने दाबून धरलं. अनसूयाने ते बोट हलकेच बाजूला केलं. बाया खोळंबल्या होत्या.

शाल्मली बघत राहिली. तीस वर्षांनी ही मुलगी वाचत नसेल, हे यंत्राला आधीच दिसलं होतं, की मघाशी ‘मंजूर’वर बोट ठेवून तिनेच ते खरं करून टाकलं?