धारेच्या उलट

काठावरची वाळू पाण्याबरोबर रोज किती सरकते, एवढं मोजायला सारंग परभणीच्या कॉलेजातून गोदाकाठच्या त्या गावी आला होता. काम सोपं. घमेलंभर वाळू लाल रंगवून धारेजवळ ओतायची आणि रोज संध्याकाळी टेप घेऊन ती खाली कुठवर गेली ते बघायचं. उतरायला बायनाबाईंची पडवी मिळाली होती. घरात त्या आणि त्यांची बारा दिवसांची बाळंतीण सून, राजेश्री.

पहिल्याच संध्याकाळी लाल पट्टा धारेच्या उलट, एकोणीस फूट वर गेलेला दिसला. आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं सारंगला वाटलं. शिकलेल्या माणसाला आधी तेच वाटतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकोणीस. तिसऱ्या दिवशी वाळू पाणी सोडून कोरड्यावरून बायनाबाईंच्या घराकडे वळली होती.

"वाळू कुठली घेतली तुमी?" बायनाबाईंनी विचारलं.

"त्या उंचवट्याची, मावशी. वर बाभळीची फांदी पडली होती, ती बाजूला केली."

त्या मटकन खाली बसल्या. "पडली नव्हती, सर... ठिवली होती. कुत्र्यांनी उकरू न्हाई म्हनून. राजेश्रीचं पहिलं लेकरू हाय तिथं. नऊ दिसांचं गेलं."

सारंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने मुठीमुठीने वाळू गोळा केली, होती तिथे नेऊन पुरली, वर काटे रचले. दुसऱ्या दिवशी लाल पट्टा पुन्हा वाटेवर, आणखी पुढे आलेला.

"तुमी मापायलाव की... किती राहिलं?"

"अडतीस फूट. म्हणजे दोन दिवस."

"राजेश्रीला सांगू नका. लय कच्ची हाय अजून. सकाळच्या एसटीनं तिला अन् बाळाला मानवतला, माहेरी धाडते."

पण वाळूने दोन दिवसांची वाट पाहिली नाही. सकाळी पिशवी भरून दोघं बाळंतिणीच्या खोलीशी आले, तेव्हा लाल रेघ बंद दाराखालून आत गेली होती. बायनाबाईंनी दार लोटलं.

राजेश्री बाजेवर बसली होती. उजव्या मांडीवर बाळ गाढ झोपलेलं. डावा हात तिने तसाच वाकवून धरला होता, त्या हातात काहीच नव्हतं. पदर दुधाने भिजला होता.

"हळू बोला," ती म्हणाली. "थोरला अजून पिऊ लागलाय."

आणि त्या रिकाम्या कुशीतून चोखण्याचा बारीक आवाज येतच होता.