नळीवरची वाफ

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या घरात बुद्धवंदना होते, गंडेदोरे नाहीत. शिवाय खोटं पकडणं हे माझं कामच. जुनी हत्यारं विकत घेण्याआधी ती अस्सल आहेत की नकली, हे मी तपासून देतो.

तरी हे घडलं. गेल्या डिसेंबरात, विलेपार्ल्यात, भर दुपारी.

मुकुल हे माझं नेहमीचं गिऱ्हाईक. परवानेवाला संग्राहक. त्याला एक शंभरेक वर्षांचं रिव्हॉल्व्हर घ्यायचं होतं.

"धम्मपालकाका, तुम्ही हो म्हणालात तरच घेणार," म्हणाला.

रिव्हॉल्व्हर ज्यांच्याकडे होतं, त्या क्षमाताईंनीच दार उघडलं. सत्तरीच्या. यजमान जाऊन वर्ष झालेलं.

घरात कसलाच आवाज नव्हता... टीव्ही नाही, पंखाही नाही.

ती शांतता माझ्या ओळखीची. माझी बायको नीलम गेल्यापासून दहिसरला माझ्या घरातही तीच असते.

"ह्यांच्या आजोबांचं," त्या म्हणाल्या. "नीट बघा हं. काही दिसलं तर लपवू नका. मला कळायलाच हवंय."

मला वाटलं, किमतीची काळजी असेल.

आधी रिकामं आहे ना, ते बघितलं. नंबर जुळवले. घोडा, चाप, मूठ तपासली. झीज खरी होती, हाताने झालेली. मग नळीवर तोंडाची वाफ सोडली. त्याने झिजलेली अक्षरं क्षणभर उठून दिसतात.

दिसली. वाफ विरली. मी रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं आणि मुकुलला फोन लावायला मोबाईल काढला.

तेवढ्यात...

नळीवर पुन्हा वाफ आली.

मी हातभर लांब होतो. क्षमाताई पलीकडे, खिडकीपाशी. हवा दमट म्हणावी, तर सगळंच लोखंड धुरकटलं असतं. हा डाग रुपयाएवढा.

विरला...

परत उमटला.

कुणीतरी शांतपणे श्वास घेत असावं, तसा.



"दिसलं ना?" क्षमाताईंनी हळूच विचारलं.

मी मान डोलावली.

त्या खुर्चीत बसल्या आणि रडायला लागल्या. "आमचे हे रोज दुपारी अशीच वाफ सोडून पुसायचे ते. वर्षभर बघतेय मी. मुलगी म्हणते, आई, तुला भास होतात. म्हटलं, विकायच्या निमित्ताने खऱ्याखोट्याची पारख असलेला माणूस तरी येईल. तुम्हाला दिसलं नसतं, तर विकून टाकणार होते."

मी मुकुलला फोन केला. "माल अस्सल आहे. पण विकायचा नाहीये."

"काय यार काका, असं कसं?"

"असंच."

निघताना मागे पाहिलं. क्षमाताई टेबलापाशी बसून काहीतरी सांगत होत्या. मध्येच थांबून ऐकतही होत्या...

घरी आलो. कुलूप काढलं.

नीलम रोज कामाला निघताना तिच्या छोट्या आरशावर 'हा' करायची आणि पदराने पुसायची. तो आरसा कपाटात पडून होता. मी काढून टेबलावर ठेवलाय.

दुपारी त्याच्यासमोर बसतो.

भीती वाटते. काही उमटलं तर काय, ही आहेच. पण कधीच उमटलं नाही तर... ही जास्त.

माझी वाफ लागू नये म्हणून मी श्वास रोखून धरतो.

आरसा अजून स्वच्छ आहे.