काळाच्या चुका

मुद्रितशोधनात बावीस वर्षं घालवलेल्या ताईंना त्या लेखकाच्या चुका तोंडपाठ होत्या. ऱ्हस्व-दीर्घाचं वावडं, स्वल्पविरामांची खैरात. क्रियापदाचा काळ मात्र तो कधीच चुकला नव्हता.

गेल्या वर्षी शस्त्रक्रिया चालू असताना त्याचं हृदय चार मिनिटं बंद पडलं. डॉक्टरांनी त्याला अक्षरशः ओढून परत आणलं. त्याआधी तो विनोदी लिहायचा; प्रुफं तपासताना ताईंची हसून मुरकुंडी वळायची. परतल्यावर आठ महिने त्यानं पेनाला हात लावला नाही, आणि मग सहा आठवड्यांत आठवणींचं हे पुस्तक लिहून काढलं. त्यात औषधालाही विनोद नव्हता. वाक्यं आखूड, दबक्या पावलांनी चालणारी.

आणि काळ सगळा उलटा. सोळाव्या वर्षी तापानं गेलेली त्याची बहीण ‘खिडकीत बसली आहे, केस विंचरते आहे.’ आणि धडधाकट बायको? ‘ती मोठ्यानं हसायची. तिला सदा घाई असायची.’ वाचून ताईंना वहिनींसाठी वाईट वाटलं. त्यांनी लाल पेनानं सगळं सुधारलं. बहीण भूतकाळात गेली, बायको वर्तमानात आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रुफं घेऊन त्या एकट्याच त्याच्या घरी गेल्या. दार वहिनींनी उघडलं. चेहरा ओढलेला. सकाळपासून हातपाय गार पडताहेत, म्हणाल्या, आणि भिंतीला धरत खुर्चीत जाऊन बसल्या.

लेखक पानं चाळू लागला. त्याचा हात थबकला.

“हे तुम्ही केलंत?”

चुका होत्या, आपलं कामच ते, असं ताईंनी सांगितलं.

“चुका नव्हत्या,” तो हळू आवाजात म्हणाला. “त्या चार मिनिटांत मी बघून आलोय. ‘आहे’ म्हणायचं ते तिकडच्यांना, ‘होती’ म्हणायचं ते इकडच्यांना. हिला मी शब्द न् शब्द जपून अलीकडे ठेवलं होतं.”

याचं डोकं ठिकाणावर नाही, असं ताईंच्या मनात आलं. त्या तसं बोलणारही होत्या. पण वहिनींचे ओठ निळसर पडत चालले होते.

ताईंनी पेन काढलं. वहिनींच्या वाक्यांतली एकेक दुरुस्ती खोडत त्या समासात ‘मूळचंच ठेवा’ लिहीत गेल्या. अकरा जागा होत्या.

अकरावी झाली आणि वहिनींनी मोठा श्वास घेतला.

“डोळा लागला वाटतं,” म्हणत त्या उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

ताईंनी पान उलटलं. आता बहिणीची वाक्यं. पेन टेकणार, तोच लेखकानं त्यांचं मनगट धरलं.

“तेवढं राहू द्या.”

त्याची बोटं गार होती. ताईंनी पेन बंद केलं.

आतून कपबशांचा आवाज आला. मागोमाग वहिनींचा, नेहमीसारखा मोकळा.

“ताई, तुमच्याबरोबर आलेली मुलगी साखर घेते का? केव्हाची विचारतेय, बोलतच नाही.”