कमानीतली हवा

नळ पहिल्यांदा खोकला तेव्हा मी घागर घेऊन त्याच्यापुढंच उभी होते. पाण्याचा थेंब न्हाय... नुसतं फुस्स. अन् मागनं कुणीतरी हसलं.

"हसायला काय झालं? तुमच्याच हातचं काम हाय ते," म्या म्हटलं.

सोलापुराहून आलेला फिटर, माणिकप्पा. आमच्यातलाच. निजामाच्या राज्यात नळदुर्गात घरात नळ म्हणजे नवल. माझ्या अप्पांनी विहिरीवर टाकी बांधून तो चौकात आणवला. पण देवघराच्या उंबऱ्याखाली लोखंड पुरू देईनात. मग पाइप दारावरनं कमान करून गेला. "कमानीत हवा बसंल," माणिकप्पानं सांगितलं होतं. ऐकतो कोण?

आठ दिवस नळ खोकला. आठ दिवस आमची तोंडं चालू.

"आज तरी येणार का पाणी?"

"तुमी हसलात तर येईल."

"मग विहिरीवरच जाते."

नवव्या दिवशी मला बघायला हुमनाबादचा बिजवर आला. नळाच्या पाण्यानं पाव्हण्यांचे पाय धुवायचे अन् सुपारी फोडायची, हे अप्पांनी ठरवलेलं. पाणी न्हाय आलं तर फिटरचं नाव साऱ्या मुलखात घालवीन, हेही त्यांनीच सुनावलेलं.

पाव्हणे सोप्यात खाकरत बसले. माणिकप्पा देवघराच्या दारात शिडीवर, मी खाली तांब्या घेऊन. पाना कमानीवरच्या नटाला लागलेला... हलत मात्र नव्हता.

"फिरवा की," मी हळूच म्हटलं.

"गंजलाय."

"आठ दिवसांत?"

तो खाली बघेना. "रुद्रम्मा... हवा सुटली की पाणी येईल. अन् सुपारी फुटंल."

"म्हणजे हा नट सैल केला की पाणी येतं, हे पहिल्या दिवसापासनं ठावं होतं?"

"व्हय."

सोप्यातनं अप्पांनी दुसऱ्यांदा हाक मारली.

"माझ्यापायी तुमचा हुन्नर बदनाम करू नका," म्या म्हटलं. "सोडा हवा. पुढचं मी बघते."

नट फिरला. सूंऽऽ करून हवा निघाली, मग पाण्याची चिळकांडी थेट माझ्या डोक्यावर. त्यानं नट आवळला. नळ दोनदा खोकला... अन् धार लागली.

म्या तांब्या भरला. सोप्याकडं नेला न्हाय. शिडीच्या पायथ्याशी ठेवला.

"पाय धुवा."

अप्पा उठून उभे राहिले. "रुद्रे, हा कुठला पाव्हणा?"

"ह्यांनी मला मागितलं तर पाव्हणा. न्हाय मागितलं तर फिटर."

माणिकप्पा एकेक पायरी उतरला. पाना खाली ठेवला... अन् पाय पुढं केले.

अप्पा वर्षभर माझ्याशी बोलले न्हाईत. पाणी मात्र त्याच नळाचं प्याले.