चौथ्या रविवारचे गुलाब

दिवाळीच्या आधी औशाहून लातूरला येणाऱ्या एसटीत एका मुलानं न विचारता माझ्या मांडीवर गुलाबांची टोपली ठेवली.

"दोन मिनिटं धरता का? तिकीट काढायचंय."

त्याची दोन मिनिटं लातूरच्या स्टँडपर्यंत संपली नाहीत.

"टोपलीचं भाडं लागेल," उतरताना मी म्हणाले.

"एक फूल घ्या की."

"एकानं काय होतंय? चर्चला टोपलीभर लागतात. वेदी मीच सजवते."

"मग शनिवारी येतो."

असा संगमेश माझ्या शनिवारांत शिरला. फुलं देऊन निघायचं असतं, हे त्याला कधी कळलंच नाही. तो काटे काढत बसायचा, मी धुतलेल्या फुलदाण्या पुन्हा धुवायची... आणि फेब्रुवारीतल्या एका शनिवारी खाली बघूनच तो म्हणाला, "घरी तुमच्याबद्दल बोलू का? आई आमच्या लिंगायतातल्या मुली बघायलीय. पुढल्या शनिवारी सांगा — हाव का न्हाई."

मला तिथंच हो म्हणायचं होतं. पण जरा भाव खाल्ला, कबूल करते.

त्याच आठवड्यात राखेचा बुधवार आला. आमचा उपवासकाळ सुरू झाला की ईस्टरपर्यंत वेदीवर फुलं नसतात. लहानपणापासूनची सवय, त्यात कुणाला समजावण्यासारखं काही असेल हे डोक्यातच आलं नाही. सरळ मेसेज टाकला, "शनिवारपासून फुलं आणू नका."

फुलं नसली तरी उत्तरासाठी येईल, म्हणून शनिवारी नवा ड्रेस घालून थांबले. तो आला नाही, फोनही उचलेना. मग मीही रागावले. असे तीन शनिवार गेले.

चौथा रविवार मात्र आनंदाचा. उपवासात त्या एका दिवशी फादर गुलाबी झगा घालतात आणि वेदीवर फुलं चालतात. ऑर्डरच्या निमित्तानं आदल्या दिवशी फोन लावला, तो त्याच्या आईनं उचलला.

"चर्चातली शलोमी का तू? तूच फुलं नको म्हणलीस ना? लेकरू नीट जेवंना झालंय. उद्या मुलगी बघायला देवणीला चाललोत आम्ही."

फोन ठेवला आणि औशाची एसटी पकडली.

संगमेश मळ्यात गुलाबांना पाणी देत होता. त्याची आई लक्ष्मीबाई बांधावर बसल्या होत्या. मला बघून त्याच्या हातातला पाइप तसाच राहिला.

"मेसेज तुमचाच होता," तो म्हणाला.

"फुलांचा होता. आमच्यात उपवासात वेदीवर फूल ठेवत नाहीत."

"म्हणजे... न्हाई म्हणला नव्हता?"

"उत्तर घ्यायला आलात कुठं?"

पाणी त्याच्या चपलांवरून वाहत होतं. मी लक्ष्मीबाईंकडे वळले. घरून ठरवूनच निघाले होते.

"मावशी, मला संगमेश आवडतो. मी माझं चर्च सोडणार नाही, त्यांनीही त्यांचं काही सोडू नये. माझ्यावर रागवा, पण उद्या देवणीला जाऊ नका."

त्या माझ्या धुळीनं भरलेल्या पायांकडे बघत राहिल्या.

"फाट्यावरून चालत आलीस? एवढ्या उन्हात?"

"हो."

"उद्या किती फुलं लागतात?"

"एक टोपली."

"मी बी येते संगं," त्या उठत म्हणाल्या. "बघते तरी, हा कुठं बसून काटे काढतोय."

दुसऱ्या दिवशी वेदीवर औशाचे गुलाब होते, आणि शेवटच्या बाकावर लक्ष्मीबाई डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. मिस्साची प्रार्थना संपल्यावर त्या बाहेर फादरांना गुलाबाचा भाव सांगत होत्या. तेवढ्यात संगमेश जवळ आला.

"उत्तर अजून तुमच्या तोंडून ऐकलं न्हाई."

"हाव," मी म्हणाले.

तो हसला, मग रिकाम्या टोपलीकडे बघून म्हणाला, "आता ईस्टरपर्यंत फुलं परत बंद?"

"बंद," मी म्हणाले. "तुम्ही शनिवारी रिकाम्या हातानं या."