रविवारचा पुकारा

पंचशीला त्या रविवारी दुपारी बीडहून निघाली ती गेवराईच्या अलीकडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात, चौदा कॉम्प्युटरांवर नवी सिस्टीम टाकायला. काम तिच्या हातचं होतं. टाकताना मशीन जे जे प्रश्न विचारतं, त्यांची उत्तरं तिनं आधीच एका फाइलीत लिहून ठेवली होती. लॅपटॉप नेटवर्कला जोडायचा आणि एक हुकूम सोडायचा. मशिनं आपोआप उठतात, जुनं सगळं पुसतात, नवं भरून घेतात. कुणाला काही विचारत नाहीत.

सुट्टीमुळं दवाखाना ओस पडला होता. दार उघडलं झाडपूस करणाऱ्या गीताबाईंनी. आत औषधाचा उग्र वास कोंडला होता आणि लांबलचक व्हरांडा भर दुपारीही अंधारा होता.

काउंटरवरच्या मशीनपाशी गीताबाई थबकल्या.

"म्याडम, एवढं एक सोडा. ह्याच्यात माझी अंजू हाय."

अंजू त्यांची लेक. ह्याच काउंटरवर बसायची. डोळ्यांवर पट्टी असलेल्यांना बोर्डावरचा नंबर कसा दिसणार, म्हणून तिनं स्वतःच्या आवाजात पुकारे भरून ठेवले होते. "नंबर चार... काउंटरपाशी या." मागच्या पावसाळ्यात ती तापानं गेली. आवाज मात्र रोज पुकारत राहिला, आणि आई फरशी पुसता पुसता रोज ऐकत राहिली. दुसरीकडं तो कुठंच नव्हता.

"त्याला हातसुद्धा लावत नाही, मावशी," पंचशीला म्हणाली. तिनं ते मनापासूनच सांगितलं होतं. त्या मशीनची नेटवर्कची वायर तेवढी काढायची, की झालं. पण नेमका फोन आला. पाटोद्याचं काम अडलं होतं. बोलता बोलता तिनं हुकूम सोडला.

चौदाच्या चौदा पडदे उजळले.

ती धावत काउंटरकडं गेली, वायर उपटली. उशीर झाला होता. आतलं सगळं पुसून गेलं होतं.

गीताबाई मागं पाणी भरत होत्या. पंचशीलानं वायर परत लावली. गीताबाई आल्या तेव्हा मान वर न करता म्हणाली, "तसंच ठेवलंय."

"लई उपकार झाले."

ते शब्द तिला चटका देऊन गेले.

दिवस कलला. पंख्यांची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती. एकेक मशीन काम उरकून शांत होत होतं. आणि मग...

"नंबर एक काउंटरपाशी या."

पंचशीला जागीच थिजली. स्पीकर तर तिनं आल्या आल्याच काढून कपाटात ठेवले होते.

"नंबर दोन काउंटरपाशी या."

गीताबाई बाकड्यावर ताठ बसून ऐकत होत्या. आता पंचशीलाला राहवेना.

"मावशी... मी खोटं बोलले. अंजूचा आवाज पुसला गेला. माझ्याच हातनं."

गीताबाई रडल्या नाहीत. त्यांनी आवाजाकडं कान दिला.

"म्हनूनच म्हनलं..." त्या पुटपुटल्या. "ही अंजू न्हाई."

"आवाज तर तिचाच..."

"आवाज तिचाच हाय. पर ती नंबर म्हनली की दम घ्यायची, मग पुढचं बोलायची. ही दमच घेत न्हाई."



"ऊठ पोरी," गीताबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "सामान ऱ्हाऊ दे."

दोघी बाहेर आल्या. गीताबाईंनी दार ओढून कुलूप घातलं.

"नंबर तीन काउंटरपाशी या," आतून आवाज आला.

आणि त्या रिकाम्या व्हरांड्यात कुणीतरी उठलं. अनवाणी पावलं फरशीवर वाजली, भिंतीवरून तळहात घासत गेल्यासारखा आवाज आला. चार पावलं, मग थांबणं. परत चार पावलं. काउंटरपर्यंत गेली असतील नसतील, वळली, आणि दाराकडं येऊ लागली.

"मावशी, चला..." पंचशीला मागं सरत म्हणाली.

गीताबाईंनी दाराला कान लावला होता. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"पावलं मातर तिचीच हायत," त्या म्हणाल्या. "तापात अशीच भिंत धरून चालायची..."

आणि पंचशीलानं हात धरायच्या आत त्यांनी कुलपात किल्ली फिरवली.